ईसीजीत एक ठोका उंच, एक ठेंगणा: हा अटॅक नव्हे, पण थांबूही नकोस

भावा, वडिलांच्या रिपोर्टवर ‘इलेक्ट्रिकल अल्टरनन्स’ लिहिलंय, हा अटॅक आहे का, असं तू विचारलंयस. ईसीजीत ठोक्यांची उंची एकाआड एक बदलणं, एवढाच या शब्दाचा अर्थ; अटॅक असा होत नाही. पण आडवं झालं की दम लागतो हेही तू लिहिलंयस, आणि मला काळजी त्याची वाटते.

आधी ईसीजीच्या पट्टीवर ठोक्यांमधलं अंतर बघ. अंतर सारखं आणि फक्त उंची एकाआड एक बदलते, तरच ते खरं अल्टरनन्स. एकाआड एक ठोका लवकर आणि रुंद येत असेल तर ते बायजेमिनी, म्हणजे मधेच घुसणारे जादा ठोके. उंची 4-5 ठोक्यांत हळूहळू चढत-उतरत असेल तर बहुतेक श्वासाचा परिणाम.

उंच सुळका, म्हणजे क्यूआरएस, एकाआड एक बदलला की पहिला संशय हृदयाभोवतीच्या पिशवीत साठलेल्या पाण्याचा. पाणी भरपूर झालं की हृदय विहिरीत सोडलेल्या कळशीसारखं हेलकावतं. दोन ठोक्यांत एक झोका पुरा होतो, त्यामुळे एका ठोक्याला ते छातीवरच्या इलेक्ट्रोडजवळ असतं, पुढच्याला लांब. आपल्याकडे या पाण्यामागे बऱ्याचदा टीबी निघतो. कॅन्सर, किडनी निकामी होणं, थायरॉइड कमी असणं हीही कारणं. उलट, पाण्याचा दाब जीवघेणा असूनही अल्टरनन्स न दिसलेले पेशंट कितीतरी असतात.

खूप जलद एसव्हीटीत, म्हणजे हृदयाच्या वरच्या भागातून एकदम सुरू होणाऱ्या धडधडीतही सुळके असे बदलतात. तिथे पाणी शोधत बसायचं नसतं.

फक्त टी लाट, म्हणजे सुळक्यानंतरचा बुटका उंचवटा, बदलत असेल तर प्रकरण पेशींच्या आतलं. दर ठोक्याला पेशीत कॅल्शियम सुटतं आणि परत साठ्यात ओढलं जातं. ते ओढणं अपुरं राहिलं की एक ठोका जास्त कॅल्शियमचा, पुढचा कमी. पोटॅशियम-मॅग्नेशियम घटणं, लांबलेला क्यूटी (सुळक्याच्या सुरुवातीपासून टी लाट संपेपर्यंतचा वेळ), रक्तपुरवठा तुटणं ही त्याची कारणं, आणि त्यातून ठोके घातक पद्धतीने बिघडू शकतात.

तेव्हा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आजच करून घे. कोल्हापुरातच राजारामपुरीत जा नाहीतर सीपीआर हे सरकारी हॉस्पिटल गाठ. चक्कर आली किंवा बीपी उतरलं तर थेट इमर्जन्सीत. हृदयावर पाण्याचा दाब दिसला तर सुईने पाणी काढतात आणि तेच तपासायला पाठवतात. आणि पाय सुजलेत म्हणून मेडिकलवाल्याकडून लघवीची गोळी आणून देऊ नकोस. दाबलेलं हृदय आधीच कमी भरतं, गोळीने आणखी कमी भरेल.