सिडनीत वारलेल्या वडिलांच्या मृत्युपत्राविरुद्ध १४ महिन्यांनी दावा करता येईल का?

तुम्ही लिहिलंय: वडील सिडनीत वारले त्याला १४ महिने झाले, मृत्युपत्रात घर आणि ठेवी धाकट्या भावाच्या नावे आहेत, एक्झिक्युटरही (मृत्युपत्राप्रमाणे मालमत्ता वाटणारा) तोच, आणि तुम्ही पुण्यात असता. दावा अजून लावता येतो. पण आता एक आठवडाही घालवू नका.

सिडनी ज्या राज्यात येतं त्या न्यू साउथ वेल्सच्या सक्सेशन अ‍ॅक्ट २००६ (वारसा कायदा) च्या कलम ५८ प्रमाणे फॅमिली प्रोव्हिजनचा दावा, म्हणजे मृत्युपत्रात पुरेशी तरतूद झाली नाही म्हणून मालमत्तेतून ती मागण्याचा दावा, मृत्यूच्या तारखेपासून १२ महिन्यांत लावायचा असतो. प्रोबेटच्या (मृत्युपत्राला कोर्टाने दिलेल्या मान्यतेच्या) तारखेपासून नव्हे. इंग्लंडमध्ये आणि ऑस्ट्रेलियातल्याच व्हिक्टोरिया राज्यात प्रोबेटपासून ६ महिने धरतात, त्यामुळे नेटवर वाचलेलं इथे लावून पुष्कळ जण फसतात.

मुदत उलटली तरी पुरेसं कारण दिसलं तर कोर्ट ती वाढवतं. भावाने संमती दिली तरी चालतं. उशीर का झाला, त्यामुळे इतर वारसांचं काय नुकसान होईल, कोणी लपवाछपवी केली का आणि मुळात दाव्यात दम आहे का, हे पाहिलं जातं. मुदत असते हेच माहीत नव्हतं, हे कारण काही वेळा चालतं. पण प्रतिज्ञापत्रात तारखा हव्यात: मृत्युपत्र केव्हा कळलं, वकिलाकडे केव्हा गेलात, त्यानंतर काय केलंत. मुदत कळल्यावरही स्वस्थ बसलात तर ते फार महागात पडतं.

माझ्या मते उलटलेल्या मुदतीपेक्षा झालेली वाटणी जास्त घातक. मृत्यूनंतर ६ महिने झाले आणि नोटीस देऊन ठरलेले दिवस गेले की एक्झिक्युटर मालमत्ता वाटू शकतो, आणि दाव्याची कल्पना नसेल तर कायदा त्याला संरक्षण देतो. म्हणून आजच भावाला आणि त्याच्या सॉलिसिटरला (वकिलाला) लेखी कळवा की तुम्ही दावा करणार आहात, आणि वाटणी थांबवण्याची लेखी हमी मागा. हमी मिळाली नाही तर कोर्टाकडून मनाई मागावी लागेल. घर एकदा भावाच्या नावावर चढलं की ‘नोशनल इस्टेट’चा आदेश (वाटून गेलेली मालमत्ताही वडिलांचीच धरावी असा) लागतो, आणि उशिरा आलेल्या दाव्यात त्यासाठी बहुधा खास परिस्थिती दाखवावी लागते. ते खरोखर अवघड आहे.

मृत्युपत्राची प्रत मागायचा मुलांना कलम ५४ नुसार हक्क आहे. सिडनीतला वारसाहक्काचं काम करणारा सॉलिसिटर गाठा. समन्समध्ये (तिथे दावा ज्या कागदाने सुरू होतो त्यात) मुदतवाढीची मागणी त्याच वेळी घालायला सांगा. सुनावणीआधी मध्यस्थी होते आणि बरेच दावे तिथेच मिटतात.

आपल्याकडे घाईघाईत हक्कसोडपत्रावर सह्या घेतात. तशी सही केली असेल तर हबकू नका: या दाव्याचा हक्क सोडल्याचा करार तिथल्या कोर्टाच्या मंजुरीशिवाय लागू होत नाही, कलम ९५. तरी तो कागद वकिलाला दाखवा.

आता कटू भाग. या दाव्यात मुलांना आपोआप समान वाटा मिळत नाही. तुमच्या निर्वाहासाठी पुरेशी तरतूद झाली नाही, हे सिद्ध करावं लागतं. पुण्यात स्वतःचं घर आणि चांगलं उत्पन्न असेल, आणि वडिलांचं शेवटचं आजारपण भावानेच काढलं असेल, तर दावा कमजोर आहे. हरलात तर त्याच्या वकिलाचा खर्चही तुमच्यावर येऊ शकतो. म्हणून पहिल्याच भेटीत उत्पन्न, कर्ज, आजारपण, वडिलांशी संबंध, सगळं खरं सांगा आणि खर्चाचा अंदाज लेखी घ्या.