४१८ : 'मी चहादाणी आहे' हा खरा संदेश आहे का?

प्रश्न : संगणकाच्या मराठी शब्दावलीसाठी एचटीटीपीच्या (वेबपानं मागवायच्या-पाठवायच्या नियमांच्या) त्रुटिसंदेशांची यादी करताना ४१८ या क्रमांकापुढे 'आय अ‍ॅम अ टीपॉट' असं सापडलं. सहकाऱ्याने त्याचं 'मी किटली आहे' असं भाषांतर करून 'इंटरनेटला जोडलेल्या चहायंत्राचा नकार' असा खुलासाही दिला. हे बरोबर आहे का?

उत्तर : आधी तो खुलासा काढून टाका, भाषांतराकडे मग वळू. हा क्रमांक कुठल्याही खऱ्या यंत्रासाठी ठरवलेला नाही. ती एप्रिल फूलची थट्टा आहे. इंटरनेटचे तांत्रिक नियम 'आरएफसी' नावाच्या क्रमांकित दस्तऐवजांतून प्रसिद्ध होतात, आणि १ एप्रिलला त्यांत एखादा गमतीचा दस्तऐवज काढायची जुनी रीत आहे. १ एप्रिल १९९८चा आरएफसी २३२४ त्यातलाच. लॅरी मॅसिंटर यांनी त्यात इंटरनेटवरून कॉफीपात्र चालवायचे नियम लिहिले. कॉफी करायची आज्ञा 'ब्रू', दूध पुरे झालं हे सांगायची आज्ञा 'व्हेन'. दुधाचे, सिरपचे, मद्याचेसुद्धा प्रकार दिलेत. कॅफीनविरहित कॉफी मात्र मुद्दाम वगळली आहे. एचटीटीपीला तेव्हा वाटेल तशी ठिगळं लावली जात होती, त्यावरचा हा टोमणा.

वाचणारा फसतो तो भाषेमुळे. खऱ्या आरएफसीत बंधनकारक गोष्टीसाठी मोठ्या लिपीत 'मस्ट' आणि ऐच्छिक गोष्टीसाठी 'मे' लिहितात. इथेही तोच साचा आहे. चहादाणीत कॉफी करायचा प्रयत्न झाला तर ४१८ पाठवावा, असं सांगून लगेच म्हटलंय की उत्तराची 'बॉडी' 'शॉर्ट अँड स्टाउट' असू शकते, आणि हे 'शकते' म्हणजे नियमातलं तेच 'मे'. 'बॉडी' म्हणजे तांत्रिक परिभाषेत संदेशाचा मजकूर. 'शॉर्ट अँड स्टाउट' हे मात्र इंग्रजी बडबडगीतात स्वतःची ओळख करून देणाऱ्या चहादाणीचं वर्णन. ते गीत कानावरून गेलं नसेल तर हा एक रुक्ष ऐच्छिक नियमच वाटणार. सहकाऱ्याला दोष देऊ नका.

त्यात भर म्हणजे थट्टा प्रत्यक्षात उतरली. नोड, गो, पायथन या प्रोग्रामिंगच्या सगळ्या साधनांत ४१८ आहे. २०१७ मध्ये तो काढून टाकायची सूचना आली, तेव्हा प्रोग्रामरांनी विरोध केला आणि तो राहिला. अखेर जून २०२२च्या आरएफसी ९११०ने (हा अस्सल!) लिहून टाकलं की गंमत म्हणून हा क्रमांक इतका वापरला गेलाय की दुसऱ्या कामाला तो देता येणार नाही; सबब राखीव. तेव्हा यादीत '४१८ : राखीव, अधिकृत वापर नाही, मूळ विनोदी' एवढी नोंद पुरे.

आता शब्द. किटली हा आपला रोजचा शब्द, टपरीवरून कटिंग येतो तो किटलीतूनच. पण किटलीत कॉफीही भरता येते, त्यामुळे 'मी किटली आहे' यात नकार ऐकूच येत नाही. 'मी चहादाणी आहे' म्हटलं की कॉफी मागणाऱ्याला त्या नावातच उत्तर मिळतं. शिवाय ४००च्या घरातले संदेश चूक मागणाऱ्याची आहे असं सांगतात; चहादाणी बिघडलेली नाही, तिच्याकडे भलतंच मागितलंय. हा अर्थही 'चहादाणी'त नीट बसतो. 'मी' मात्र ठेवाच, कारण गीतातली चहादाणी स्वतःच बोलते. 'शॉर्ट अँड स्टाउट'ला मी 'बुटकी नि गोलमटोल' म्हणेन.

जाता जाता, सुरक्षेच्या शब्दांत 'इव्हिल बिट' आलाय का तेही बघा. हल्लेखोराने आपल्या डेटा-पॅकेटवर स्वतःहून 'दुष्ट' अशी खूण करावी, असं सांगणारा आरएफसी ३५१४ हा १ एप्रिल २००३चा. त्याला 'दुष्ट बिट' म्हणा, पण व्याख्येत 'विनोदी' हा शब्द पहिला घाला.