लव्हाळे ओळखायला शिकतोयस? आधी एवढंच कर
तू नाव विचारायला पाठवलेल्या फोटोतली कॅरेक्स (लव्हाळ्यांचाच एक गट) उत्तरेकडच्या थंड देशांतल्या दलदलीतली आहे रे, ती तिकडे ओल्या पीटमध्ये (अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याच्या थरात) जमिनीखालच्या खोडाने पसरत गालिचाच करते, ती आपल्या रत्नागिरीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, शोधत बसू नकोस. इथे सायपेरस आणि फिम्ब्रिस्टायलिस हे लव्हाळ्यांचे दुसरे दोन गट भरपूर मिळतील, आणि शिकायला तेच बेस्ट.

१. खोड बोटांत धरून फिरव. तीन कडा लागल्या तर बहुतेक लव्हाळ्याच्याच कुळातलं. गवताचं खोड गोल, पेरं असलेलं, बहुधा पोकळ. काही लव्हाळेही गोल खोडाचे असतात पण ते नंतर बघू.

२. पानं वरून बघ, तीन रांगांत दिसतील.

नवीन लोकांची हमखास होणारी चूक म्हणजे नुसत्या पानाचा फोटो काढून नाव विचारणं. फळाशिवाय नाव ठरवूच नकोस, कॅरेक्सचं फळ तर छोट्या पिशवीत बंद असतं, तीच तिची खरी ओळख.

पाऊस ओसरताना भाताच्या बांधावर जा, नागरमोथ्याची (हाही सायपेरसच) जमिनीतली एक काळी गाठ उपटून चुरड आणि वास घे, तो वास परत विसरणार नाहीस. आणि एक साधं भिंग घे, कॅमेरा नंतर.