मदतीला जास्त कोण धावतं, पुरुष की स्त्रिया?
मदत कसली हवी आहे, त्यावर ठरतं. ॲलिस ईगली आणि मॉरीन क्राउली या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी १९८६ मध्ये बरेच प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा पुरुष पुढे दिसले. पण त्यातली बहुतेक मदत अनोळखी माणसाला केलेली, क्षणभराची होती: पंक्चर झालेली गाडी, लिफ्टमध्ये हातातून पडलेल्या पेन्सिली. आजूबाजूला बघणारे असले की पुरुषांची आघाडी वाढायची. मदत मिळायची मात्र स्त्रियांना जास्त. रात्री तासभर फोनवर कुणाचं रडणं ऐकून घेणं, आजारी माणसाची महिनोन्‌महिने उस्तवार करणं, हे त्यात फारसं मोजलंच गेलं नव्हतं, आणि तिथे स्त्रियाच जास्त दिसतात. पुरुषांना मनातलं दुखणं सांगून मदत मागणंच जड जातं, याची मला खरी काळजी वाटते.