120 किलो वजन असेल तर भूल दुप्पट लागते का, आणि ती वेळेवर उतरते का?

तुम्ही लिहिलंय की आईंचं वजन 120 किलो, उंची 155 सेंटीमीटर, पित्ताशयातल्या खड्यांचं दुर्बिणीचं ऑपरेशन रामदासपेठेत ठरलंय. आणि शेजारच्या काकू म्हणतात, 'जाड माणसाला भूल दुप्पट द्यावी लागते, ती चरबीत साचून राहते, मग माणूस शुद्धीवरच येत नाही.' मी नागपुरातच भूलतज्ज्ञ म्हणून काम करते. आईंची फाईल मी पाहिलेली नाही, पण ही भीती घेऊन आलेले नातेवाईक मला नेहमी भेटतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

दुप्पट लागत नाही. आमच्या हिशोबात आईंचं वजन एक नसतं, चार असतात. काट्यावरचं 120. उंचीला साजेसं 50 (बायकांसाठी सेंटीमीटरमधून 105 वजा). चरबी सोडून उरलेलं, म्हणजे स्नायू, हाडं, अवयव, पाणी, ते सूत्राने साधारण 53 येतं. आणि 50 मध्ये जादाच्या 70 किलोचे 40 टक्के मिळवले की मधलं 78. कोणतं औषध यातल्या कोणत्या वजनावर द्यायचं, हे प्रत्येकाचं वेगळं आहे.

झोप आणणारं प्रोपोफॉल घ्या. दुधासारखं पांढरं असतं, शिरेतून जातं. ते चरबीत सहज विरघळतं, म्हणून काकूंना वाटतं तसं कुणालाही वाटेल. पण रक्त आधी मेंदू, हृदय, यकृताकडे धावतं. चरबीकडचा रक्तपुरवठा म्हणजे वर्धा रोड सोडून इतवारीच्या बोळीत शिरल्यासारखा, अगदी संथ. पहिला डोस मेंदूपर्यंत पोचतो तेव्हा चरबीला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून तो 53 किलोच्या हिशोबाने, साधारण 100 मिलिग्रॅमच्या आसपास, हळूहळू आणि पेशंटकडे बघत देतात. 120 च्या हिशोबाने 240 दिलं तर बीपी धाडकन खाली येईल. तेच औषध ऑपरेशनभर पंपाने चालू ठेवायचं असेल, तर मात्र मधलं वजन धरतात, कारण तोवर चरबीनेही आपला वाटा घ्यायला सुरुवात केलेली असते.

काकूंच्या बोलण्यात खरं आहे ते एवढंच. आपल्या कूलरचा पंप बंद केला तरी ताट्या बराच वेळ ओल्या राहतात ना, तसं तासन्‌तास चाललेल्या ऑपरेशनात चरबी भिजते आणि नंतर औषध थोडं थोडं परत रक्तात सोडते. तास-दीड तासाच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनात ताट्या तेवढ्या भिजत नाहीत. शिवाय श्वासातून देतात ती सेव्होफ्लुरेन, डेस्फ्लुरेन ही औषधं रक्तात फार कमी विरघळतात, त्यामुळे श्वासावाटे लवकर निघून जातात. लांबलचक ऑपरेशन असेल तर मी डेस्फ्लुरेन पसंत करते.

स्नायू सैल करणाऱ्या औषधांची गंमत उलटी आहे. सक्सिनिलकोलिन पूर्ण 120 वर द्यावं लागतं, कारण ते मोडणारं रक्तातलं एन्झाइम जाड माणसात जास्त असतं. रोक्युरोनियम, व्हेक्युरोनियम मात्र 50 वर. ही औषधं पाण्यात राहणारी, चरबीत शिरतच नाहीत. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण शिकले एका बाईंकडून. शिकाऊ असताना मी व्हेक्युरोनियम काट्यावरच्या वजनाने मोजून दिलं. ऑपरेशन संपलं, टाके पडले, आणि बाई हलेनात. मनगटाजवळच्या नसेला यंत्राने लागोपाठ चार हलके झटके देऊन अंगठा बघतात. चारही वेळा सारख्याच जोराने हलला पाहिजे. त्यांचा एकदाच, तोही जेमतेम थरथरला. सरांनी त्यांना झोपेतच ठेवून व्हेंटिलेटर चालू ठेवला. जवळजवळ दोन तास मी त्यांच्या अंगठ्याकडे बघत बसले होते. बाई सुखरूप घरी गेल्या, पण त्या दिवसापासून चौथ्या झटक्यालाही अंगठा पहिल्याइतकाच जोरात हललेला दिसल्याशिवाय मी कुणाची श्वासाची नळी काढत नाही.

खरी काळजी औषधापेक्षा श्वासाची आहे. आडवं झोपलं की पोटाचं वजन छातीवर येतं आणि फुफ्फुसात शिल्लक राहणारी हवा कमी होते. आधी भरपूर ऑक्सिजन दिला तर सडपातळ माणूस श्वास थांबल्यावर सातआठ मिनिटं तग धरतो, आईंसारख्या पेशंटला तीनेक मिनिटंच मिळतात. म्हणून भूल देण्याआधी त्यांना सपाट झोपवत नाहीत. पाठीखाली आणि डोक्याखाली उशा-चादरींचा उतार करतात, कानाचं भोक आणि छातीच्या हाडाचं वरचं टोक एका रेषेत येईपर्यंत. नातेवाईकांना वाटतं उगाच वेळ काढतायत. हीच तयारी सगळ्यात महत्त्वाची असते.

आता तुमच्याकडून एक हवंय, घोरण्याबद्दल खरं बोला. आईंच्या शेजारी जे झोपतात त्यांना घेऊन या, त्यांनाच ठाऊक असतं की रात्री मध्येच श्वास थांबतो का, दचकून जाग येते का. अशा माणसाला मॉर्फिन, फेंटानिलसारखी वेदनाशामकं श्वासावर जास्त परिणाम करतात आणि धोका ऑपरेशनच्या टेबलापेक्षा रात्री वॉर्डात असतो. म्हणून टाक्यांच्या जागी बधिर करणारं इंजेक्शन आणि पॅरासिटामॉल यांच्यावर भर ठेवून बाकीचं कमी ठेवतात. घरी सीपॅप मशीन (झोपेत मास्कमधून हवेचा दाब देणारं) असेल तर तेच, मास्कसकट, दवाखान्यात आणा.

वजन कमी करायचं आठवड्याचं इंजेक्शन चालू असेल तर शेवटचं कधी घेतलं ती तारीख सांगा. त्याने जेवण पोटात जास्त वेळ राहतं, आणि उपाशी पेशंटच्या पोटातही अन्न असू शकतं. बऱ्याच जणी संकोचाने हे लपवतात, कृपा करून लपवू नका. आणि वजन नक्की किती ते दवाखान्याच्या काट्यावरच करा. अँटिबायोटिकचा डोसही त्यावर ठरतो, सेफाझोलिन 120 किलोपासून 2 ग्रॅमऐवजी 3 ग्रॅम देतात.

ऑपरेशनच्या रात्री पलंगाचं डोकं वर ठेवायला सांगा, आणि आई कितीही वैतागल्या तरी बोटाला लावलेला ऑक्सिजनचा चिमटा सकाळपर्यंत काढू देऊ नका. नखांना पॉलिश असेल तर आदल्या दिवशीच पुसून टाका.