पिंजरा नसलेले प्राणी, एका दिवसात

प्रश्न : सात वर्षांच्या मुलाला कात्रजचं प्राणीसंग्रहालय दाखवून झालं. आता त्याला पिंजरा नसलेले प्राणी बघायचेत. ताडोबा लांब पडतं, शिवाय खर्चही झेपणार नाही. सोबत सासूबाई आहेत, त्यांचे गुडघे दुखतात. एका दिवसात जाऊन येण्यासारखी जागा सांगाल का?
– एक वाचक, हडपसर

उत्तर : ताई, सोलापूर रस्त्याने निघा, चौफुल्याला उजवीकडे वळा आणि सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य गाठा. जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं हे माळरान चिंकारांसाठी, म्हणजे माळावरच्या छोट्या हरणांसाठी, राखलेलं आहे. वाघ इथे नाही, हे मुलाला निघण्याआधीच सांगून टाका.

मात्र पहाटे निघा. उन्हं चढली की चिंकारा हिवराच्या नाहीतर बाभळीच्या सावलीत बसतो आणि वाळल्या गवतात पुरता मिसळून जातो. पावसाळ्यानंतर गवत उंच असतं, तेव्हा त्याला शोधणं अवघड. जानेवारीपासून पुढे बरं.

गाडी हळू चालवा, दिसला की इंजिन बंद करा आणि आतच बसून राहा. पायी माणूस दिसला की तो पळतो, उभ्या गाडीला तेवढा बुजत नाही. त्यामुळे सासूबाईंच्या गुडघ्यांचाही प्रश्न मिटला. मुलाला म्हणावं, शेपटी शोध. काळी, आखूड शेपटी सारखी हलत असते. पुष्कळदा आधी तीच दिसते, मग हरीण. नराची शिंगं वळ्यावळ्यांची, मादीचीही असतात पण बारीक. कात्रजला पाहिलेल्या चितळाची शिंगं दरवर्षी गळतात, याची कधीच गळत नाहीत. संशय आला की तो पुढचा पाय आपटतो आणि शिंकल्यासारखा आवाज काढतो. तो आवाज आला की थोडं मागे व्हा. व्हिडिओसाठी चिंकारांच्या मागे गाडी पळवणारे लोक मी पाहिलेत आणि दर वेळी जीव तुटतो. कळपात पिल्लं असतात हो.

हिरवा चारा आणि दवावर चिंकारा बरेच दिवस पाण्यावाचून काढतो. हे सगळं त्याला देणाऱ्या माळाला आपण ‘पडीक’ म्हणतो, तिथे झाडं लावायला धावतो, प्लॉट पाडतो. ही जमीन गवताचीच आहे. याच गवतावर धनगरांची मेंढरं जगतात, लांडगा इथलाच, माळटिटवी आणि चंडोल इथेच जमिनीवर अंडी घालतात. मुलाला हे नक्की सांगा, या वयात सांगितलेलं राहतं.

दुर्बीण असेल तर घ्या, नसेल तर कुणाची मागून आणा. पाणी आणि डबा घरूनच न्या, प्राण्यांना काही खायला घालू नका. पाय झाकणारी पँट हवीच, कुसळं मोज्यांत घुसली की दिवसभर टोचतात. सुप्याहून त्याच रस्त्याने पुढे मोरगाव आहे, सासूबाईंचं मयूरेश्वराचं दर्शनही होईल. फक्त चतुर्थी टाळा.