फोटोशॉपमध्ये मागच्या फोटोची ओपॅसिटी बदलत का नाही?

गिरगावच्या मंडळाच्या बॅनरमागे चौपाटीचा फोटो फिका हवाय, पण ओपॅसिटीचा (चित्र किती गडद किंवा पारदर्शक दिसावं ते ठरवणारा) स्लायडर हलत नाही, कारण तो फोटो ‘बॅकग्राउंड’ लेयर (थर) आहे आणि हा लेयर लॉक असतो. लेयरवरच्या कुलपावर क्लिक करा, मग ओपॅसिटी ३० ते ४० टक्क्यांवर आणा. खाली पांढरा लेयर हवाच, नाहीतर करडे-पांढरे चौकोन दिसतील.

मूव्ह टूल निवडून कीबोर्डवर ३ दाबलं की ओपॅसिटी थेट ३०%. ३ आणि ५ भराभर दाबले की ३५%. ब्रश निवडलेला असेल तर मात्र हेच आकडे ब्रशची ओपॅसिटी बदलतात, इथेच बहुतेकांचा घोळ होतो. अक्षरांची सावली तशीच ठेवून फक्त आतला रंग फिका करायचा असेल तर ओपॅसिटी नव्हे, तिच्याजवळचा ‘फिल’ स्लायडर कमी करा.